दातांत धरलेला दोरा

रविवार, १२ जानेवारी १९९७. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका घराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत निरुपमा पोतनीस यांनी पतंगाच्या दोऱ्याची दोन्ही टोकं दातांत धरली. दोऱ्याच्या मध्यावर आमटीची स्टीलची पळी बांधलेली होती. दहा वर्षांच्या मैत्रेयीने पळीवर चमच्याने टोला मारला. निरुपमाबाईंना आवाज ऐकू आला.

एवढीच घटना. त्या वेळी गॅलरीत आठ मुलं होती आणि आतल्या खोलीत निरुपमाबाईंचे यजमान बाळकृष्ण पोतनीस वर्तमानपत्र वाचत होते. पळीचा आवाज त्या सगळ्यांनी ऐकला होता. निरुपमाबाईंनी तो ऐकणं ही मात्र बातमी होती, कारण अकरा वर्षांपासून त्यांना कमी कमी ऐकू येत गेलं होतं, आणि आता तर पाठीमागून कोणी हाक मारली तरी कळत नव्हतं.

त्या एकोणपन्नास वर्षांच्या. शहरातल्या एका मराठी शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. १९९० च्या जूनपासून दर रविवारी साडेआठ ते दहा आपल्या गॅलरीत मुलांकडून प्रयोग करून घेत. साहित्य घरातलं. नियम एकच होता: घरात किंवा नाक्यावरच्या दुकानात मिळत नाही ती वस्तू वापरायची नाही. लिंबू आणि खाण्याचा सोडा बाटलीत घालून तोंडावर फुगा चढवायचा. भरल्या पेल्यावर पोस्टकार्ड ठेवून पेला उलटा करायचा. हळदीच्या पाण्यात बुडवलेल्या कागदावर साबणाच्या बोटाने नाव लिहायचं, ते लाल उमटतं. मिठाच्या पाण्यात तरंगणारी वस्तू पुस्तकात अंडं होती. पोतनीसांकडे अंडं चालत होतं, पण निम्म्या मुलांच्या घरी चालत नव्हतं, म्हणून गॅलरीत बटाटा तरंगला.

प्रत्येक प्रयोगाची नोंद एका जाड वहीत होई. तारीख, साहित्य, कृती, काय दिसलं, निष्कर्ष, असे पाच रकाने. नाताळच्या सुट्टीत बाईंनी मैत्रेयीला या वहीची अनुक्रमणिका करायला दिली. मैत्रेयी तळमजल्यावर राहणारी, घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी, खेळताना गुजराती; मराठीतही 'ना'ऐवजी 'ने'. तिने मन लावून काम केलं. एकूण प्रयोग दोनशे एकाहत्तर. पाणी एकोणसाठ, हवा सत्तेचाळीस, प्रकाश चव्वेचाळीस, मग उष्णता, चुंबक, वीज, झाडंझुडपं. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणांशी तिने यादी ताडून पाहिली आणि शेवटी एक ओळ स्वतःहून घातली: आवाज, शून्य.

पाच जानेवारीच्या रविवारी तिने ती यादी बाईंपुढे ठेवली. बोट शेवटच्या ओळीवर.

"बाई, हे तर राहूनच गेलं ने?"

निरुपमाबाईंनी ओठ वाचले, ओळ वाचली, आणि पुढच्या रविवारी तूच काहीतरी करून आण, असं सांगितलं.

ते राहून गेलेलं नव्हतं. टाळलेलं होतं. निरुपमाबाईंच्या आईला पन्नाशीत काहीच ऐकू येत नव्हतं, मावशीलाही नाही. आमच्या माहेरी बायकांचे कान असेच, असं सगळे समजून होते. अडतिसाव्या वर्षी डाव्या कानात समुद्रासारखी गाज सुरू झाली तेव्हा निरुपमाबाईंनी ते मुकाट्याने ओळखलं आणि मनातल्या मनात नोंदवून टाकलं. प्रयोग त्यांना आवडत, हे खरं. पण प्रयोगात मुलं हाताने करतात, बाई बघतात, आणि बघून बरंच काही सांगता येतं, हेही खरं. गॅलरीत त्यांना अडत नसे. वर्गात अडू लागलं होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेत तपासणी झाली. तपासणीस शेवटच्या बाकाजवळ उभे होते. निरुपमाबाई फळ्यावर आकृती काढत होत्या. तपासणिसांनी पाठीमागून तीनदा काहीतरी विचारलं. बाई रेघ मारत राहिल्या. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून फळ्याजवळ गेली आणि तिने बाईंच्या हाताला हात लावला. तपासणीस काही बोलले नाहीत. त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या, आणि त्यांचं न बोलणं निरुपमाबाईंना पूर्ण ऐकू आलं.

त्याच आठवड्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. कारण: घरगुती अडचण. सत्राअखेर मोकळं व्हायचं तर अर्ज फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत शाळेत पोचायला हवा होता. त्यांनी सोमवार, तेरा जानेवारी ठरवला, म्हणजे उत्तरायणाची, संक्रांतीची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी गाजावाजा न होता काम होईल. अर्ज कपाटात, साड्यांखाली. बाळकृष्णरावांना सांगितलं नव्हतं. सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

आणि कारण त्या घरात कोणी तोंडाने काढत नसे.

पोतनीस संस्थानच्या काळापासूनचे कारकुनी घराण्यातले. माणसाचं उणं त्याच्यासमोर बोलायचं नाही, ही घरातली रीत. लंगड्या पाहुण्यासाठी खालच्या मजल्यावर पाट मांडायचे, आणि वर ऊन फार लागतं म्हणायचं. बाळकृष्णराव त्याच वळणात वाढलेले. प्रतापनगरला रेल्वेच्या कार्यशाळेत कचेरीत नोकरी, स्वभाव सरळ, हात चलाख. बायकोला कमी ऐकू येतं हे, गाज सुरू झाली त्या पहिल्याच वर्षी, त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. फक्त बोलायच्या आधी समोर जाऊन उभे राहू लागले. कुकरच्या शिट्ट्या स्वतः मोजून दारातून बोटं दाखवू लागले. दाराच्या घंटीला त्यांनी एक लाल दिवा जोडला, स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, घंटी वाजली की पेटणारा. मिक्सरच्या आवाजात आपल्यालाच घंटी ऐकू येत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं.

स्कूटरवर मात्र गंमत होई. मांडवीच्या गर्दीत, रिक्षांच्या गोंगाटात, मागे बसलेल्या निरुपमाबाईंना त्यांचं बोलणं घरातल्यापेक्षा बरं कळे. का, हे दोघांनाही माहीत नव्हतं. पण घरातले सगळे महत्त्वाचे निर्णय अकरा वर्षं स्कूटरवर झाले. गावी लग्नाला जायचं की नाही, केबल घ्यायची की नाही, हे ठरवायला ते दोघं निष्कारण स्टेशनपर्यंत फेरी मारून येत.

तर बारा तारखेचा रविवार. संक्रांत दोन दिवसांवर. निरुपमाबाई गॅलरीच्या उंबऱ्यावर परात घेऊन तिळाचे लाडू वळत बसल्या होत्या. पाक गरम, हात चिकट. आजचा वर्ग आपल्याशिवाय पार पडावा म्हणून त्यांनी मुद्दामच तो वेळ धरला होता.

मैत्रेयीने पळी बाईंच्याच स्वयंपाकघरातून आणली. दोरा कोणता घ्यायचा यावरून थोडा वाद झाला. अकरा वर्षांच्या सलीलने स्वतःची फिरकी आणली होती, दोरा गुलाबी रंगवलेला, काच लावलेला. त्याचं म्हणणं असं की बडोद्यात यापेक्षा मजबूत दोरा नाही. मैत्रेयीने तो बोटाला गुंडाळून पाहिला, कापलेलं बोट दाखवलं आणि पतंगाचाच साधा, काच न लावलेला पांढरा दोरा काढला.

कृती सोपी. दोन हात लांब दोरा, मधोमध पळी. दोन्ही टोकं दोन तर्जन्यांना गुंडाळायची, बोटं कानांत घालायची, वाकायचं, म्हणजे पळी मोकळी लोंबते. दुसऱ्याने टोला मारायचा. बाहेरच्यांना नुसतं टिण्ण ऐकू येतं. दोरा धरणाऱ्याला काय ऐकू येतं ते ज्याचं त्याने सांगायचं.

सलील म्हणाला, देवळातली मोठी घंट. दुसऱ्या एकीला पाण्याखाली वाजल्यासारखं वाटलं. नऊ वर्षांचा विहंग नोंद ठेवत होता, त्याला 'काय दिसलं' या रकान्यात हे कसं लिहायचं असा प्रश्न पडला. मैत्रेयीने तो शब्द खोडून वर 'ऐकलं' लिहायला सांगितलं.

आठही जणांचं झाल्यावर मैत्रेयी उंबऱ्याशी आली आणि बाईंच्या समोर उभी राहिली. बाळकृष्णरावांचं बघून मुलांनाही ती सवय लागली होती.

"बाई, आता तुम्ही."

निरुपमाबाईंनी दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत नाही, पण मनगटापर्यंत गूळ. त्यांना वाटलं, सुटले.

मैत्रेयीने एक क्षण विचार केला. "मग दातांत धरा. गजरा करताना धरता ने, तसा."

तिने दोऱ्याची टोकं बाईंच्या तोंडासमोर नेली आणि पंचवीस-तीस वर्षांच्या सवयीने बाईंनी ती दातांत पकडली. पळी परातीच्या पलीकडे लोंबायला लागली. टोला पडला.

निरुपमाबाईंचा चेहरा पाहून मैत्रेयीला वाटलं दोरा जिभेला लागला. ती थांबली. बाईंनी चिकट बोट वर केलं. परत.

परत टोला. परत बोट. विहंगच्या नोंदीप्रमाणे हे चौदा वेळा झालं. नंतर बाईंनी हात धुतले, लाडू तसेच टाकून गॅलरीत आल्या आणि मुलांना नेहमीच्या हळू आवाजात सूचना देऊ लागल्या. दोरा दातांत: आवाज येतो. पळी कानाजवळ नुसती हवेत धरून टोला: येत नाही. दोरा कपाळाला दाबून: थोडा. कानामागच्या हाडाला दाबून: चांगला. डोळे मिटून, कधी टोला मारायचा आणि कधी नाही हे मैत्रेयीने ठरवायचं: दहापैकी दहा बरोबर. मुलांना हा नेहमीचाच काटेकोरपणा वाटला. बाई बटाट्याच्या वेळीही मीठ चमच्याचमच्याने मोजून घालत असत.

विहंग लिहिता लिहिता थांबला. त्याच्यासमोर रकाना होता आणि त्यात त्याला काय लिहायचं ते कळलं होतं. तो बाईंकडे तोंड करून म्हणाला, "म्हणजे बाई, तुम्हाला कानाने ऐकू येत नाही ने?"

सलीलने त्याला कोपराने ढोसलं. आतल्या खोलीत वर्तमानपत्र खाली आलं. त्या घरात अकरा वर्षांत हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं.

"नाही येत," निरुपमाबाई म्हणाल्या. "लिही."

मुलं दहा वाजता, जाताना प्रत्येकी एक लाडू घेऊन गेली. बाळकृष्णराव गॅलरीत आले. पळी अजून दोऱ्याला होती. ते सवयीने समोर उभे राहिले. मला वाटलं होतं, हे बोललेलं तुला आवडणार नाही, असं काहीसं ते म्हणाले. आणि मला वाटलं तुमच्या लक्षातच आलेलं नाही, असं त्या म्हणाल्या.

"घंटीला दिवा लावला मी, निरू."

"तुम्ही म्हणालात मिक्सरमुळे."

"आपल्याकडे तेव्हा मिक्सर होता का?"

नव्हता. मिक्सर दोन वर्षांनी आला होता. दोघांनी हिशेब केला आणि दोघंही बराच वेळ हसत बसले. मग निरुपमाबाईंनी त्यांना मुद्दा समजावून सांगितला, फळ्यासमोर सांगतात तसा. आवाज हाडातून आत पोचतो आणि ऐकू येतो, म्हणजे आतला भाग, नसा, शाबूत आहेत. बिघाड वाटेत आहे. वाटेतला बिघाड म्हणजे कदाचित दुरुस्त होणारा. ही गोष्ट त्या सव्वीस वर्षं पुस्तकातून शिकवत होत्या. स्वतःवर करून पाहायला त्या घाबरल्या, कारण उत्तर दुसरं आलं असतं तर ते कायमचं ठरलं असतं.

मग निरुपमाबाईंनी कपाटातून अर्ज आणला आणि यजमानांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. सोमवारी तो शाळेत गेला नाही.

एकवीस जानेवारीला दोघं स्कूटरवरून अलकापुरीतल्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी नादकाटा वाजवून आधी कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. त्यांनी विचारायच्या आतच निरुपमाबाईंनी कुठे जास्त ऐकू येतं ते सांगितलं. बंद खोलीत बसवून तपासणी झाली, आलेख निघाला. डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि गुजरातीत विचारलं, "तमने कोणे मोकल्यां?" कोणत्या डॉक्टरने पाठवलं, असा त्यांचा अर्थ.

"पळीने," बाळकृष्णराव म्हणाले.

कानात आतल्या बाजूला हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं असतात. त्यातली रिकीब, तांदळाच्या दाण्याहून लहान, निरुपमाबाईंच्या दोन्ही कानांत जागच्या जागी घट्ट बसली होती. घराण्यात येतो तो हाच विकार. स्कूटरवर ऐकू येण्याचं कारणही डॉक्टरांनी सांगितलं: या विकारात बाहेरचा गोंगाट माणसाला त्रास देत नाही, आणि समोरचा मात्र गोंगाटामुळे आवाज चढवून बोलतो. आवाज आपण चढवत होतो हे बाळकृष्णरावांना तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मांडवीतल्या निम्म्या दुकानदारांनी त्यांचे घरगुती निर्णय ऐकलेले असणार.

शस्त्रक्रिया होते. अडकलेलं हाड काढून तिथे बारीकशी दांडी बसवतात. आधी एकच कान करतात, जास्त वाईट असेल तो. निरुपमाबाईंनी आकडे विचारले. शंभरात नव्वदांना फायदा होतो, काहींना होत नाही, एखाद्याचं उरलंसुरलंही जातं. आईला हे कोणी सांगितलं होतं का, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. पण तो डॉक्टरांना विचारण्यासारखा नव्हता. त्या म्हणाल्या, करू या.

परतताना स्कूटरवर, ज्युबिली बागेपाशी, बाळकृष्णरावांनी विचारलं, आपण दहा वर्षांपूर्वीच बोललो असतो तर? निरुपमाबाईंना प्रत्येक शब्द कळला. त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे बघून चालवा म्हणाल्या.

तेरा फेब्रुवारीला, गुरुवारी, डाव्या कानाची शस्त्रक्रिया झाली. सोळा तारखेच्या रविवारी वर्ग भरला. कानावर पट्टी असल्यामुळे बाई खुर्चीत बसून राहिल्या आणि मुलांनी त्यांना न विचारता मुद्दाम शांततेचा प्रयोग निवडला, हलकी सुई पाण्यावर तरंगवण्याचा. कोणी हाक मारली नाही. सलीलची सुई चार वेळा बुडाली तरी तो ओरडला नाही.

एकवीस तारखेला, शुक्रवारी सकाळी, कानातली पट्टी निघाली. आत सूज आहे, रक्त साकळलेलं आहे, ते विरायला तीन आठवडे लागतील, तोवर फायदा झाला की नाही हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. अर्जाची मुदत शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला संपते. मुख्याध्यापिकांना मुदत वाढवून मागावी असं बाळकृष्णरावांनी सुचवलं. निरुपमाबाईंचं म्हणणं असं की कारणाशिवाय मुदत मागता येत नाही, आणि खरं कारण एकदा दिलं की मागे घेता येत नाही. ऐकू न येणारी शिक्षिका वर्गात ठेवायची की नाही, हे मग त्यांच्या हातात राहणार नाही. आणि समजा ऐकू आलंच नाही, तर मुलांना पुन्हा बाईंच्या हाताला हात लावायला यावं लागावं, हे त्यांना चालणार नव्हतं. बाळकृष्णराव या वेळी गप्प बसले नाहीत. वर्गात तुझ्यासमोर उभं राहून बोलायला चाळीस मुलं आनंदाने शिकतील, आठ तर शिकलीच आहेत, असं ते म्हणाले.

रविवार, तेवीस फेब्रुवारी. प्रयोग क्रमांक दोनशे सत्त्याहत्तर. साहित्य: पळी, दोरा, चमचा, कापूस, एक रुपयाचं नाणं. निरुपमाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. उजव्या कानात कापूस घट्ट बसवला. मैत्रेयी त्यांच्या पाठीमागे पाच हातांवर पळी हवेत धरून उभी राहिली. सलील नाणं उडवत होता: छापा आला तर टोला, काटा आला तर काही नाही. प्रत्येक वेळी, आता सांग म्हणून, बाळकृष्णराव बाजूने हात दाखवत, आणि बाई हो किंवा नाही म्हणत. विहंग लिहीत होता. विहंगने बाईंच्या बाजूने थोडं जास्तच मोजू नये म्हणून मैत्रेयी त्याच्या वहीत डोकावत होती.

दहा वेळा झालं. सात बरोबर, तीन चूक.

सलीलला सात म्हणजे पास वाटलं. पस्तीसलाच तर पास करतात, तो म्हणाला. निरुपमाबाईंनी वही मागून घेतली. नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी दहात पाच बरोबर येतात, कधी सातही येतात, हे त्यांनी मुलांना समजावलं. पहिल्या दोन टोल्यांच्या वेळी काहीतरी आल्यासारखं वाटलं, असं त्या म्हणाल्या, पण ते टोल्याचं होतं की गाजेचं, हे सांगता येत नाही. निष्कर्षाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: सात पुरेसे नाहीत. पुन्हा करावा.

पुन्हा कधी, मैत्रेयीने विचारलं. ती या वेळी समोर येऊन उभी राहिली नव्हती. घाईत उजवीकडून, पाठीमागूनच विचारलं होतं. बाई लगेच वळल्या नाहीत. मग त्या वळल्या. तोवर मैत्रेयी पुढे आली होती, त्यामुळे बाई कशाने वळल्या हे कोणी नोंदवलं नाही.

उद्या संध्याकाळी पाचला, असं ठरलं. मंगळवारी आणि बुधवारीही, शुक्रवारपर्यंत रोज. पळी सध्या गॅलरीच्या खिळ्याला टांगलेली आहे आणि आमटी वाटीने वाढली जाते. अर्ज कपाटात, साड्यांखालीच आहे. त्यावर सही आहे, तारीख घातलेली नाही.